माजी सैनिक भवनाची दुरुस्ती आणि निधी : गोव्यातल्या संघटनांचे नेहमीचे प्रश्न

चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती, अर्ध्या भागावर मंगळुरी कौलं, उरलेल्यावर चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचा स्लॅब आणि दर मिरगाला वाढत जाणारी गळती. अशा भवनाचं काम हाती घेणाऱ्या कार्यकारिणीसाठी ही उत्तरं आहेत.

आधी पैसे जमवायचे की आधी अंदाजपत्रक काढायचं?

आधी कागद, मग अंदाजपत्रक आणि त्यानंतर पैसे. "भवनासाठी काहीतरी द्या" म्हटलं की माणूस पाचशेची नोट काढतो आणि विषय संपतो. "पश्चिमेच्या छपराला ३,००० कौलं आणि नवे वासे लागणार आहेत, त्यातला एक उतार तुम्ही घ्याल का?" असं विचारलं की तोच माणूस खर्च विचारतो. देणारा आकड्याला उत्तर देतो. तो आकडा तुमच्या खजिनदाराने अंदाजाने सांगितलेला नसावा, अभियंत्याच्या सहीचा असावा.

कुठले कागद हवेत?

पहिला प्रश्न जमिनीचा. गावात नमुना १ व १४ (जमिनीचा उतारा) आणि सर्व्हे प्लॅन, शहर सर्व्हेत फॉर्म डी (तिथला उतारा). त्यावर नाव कोणाचं आहे ते नीट वाचा. जमीन कोमुनिदादची (गोव्यातल्या जुन्या गावकीच्या संस्थेची), पंचायतीची किंवा एखाद्या जुन्या सभासदाने तोंडी दिलेली असेल, तर दुरुस्तीला मालकाची लेखी ना-हरकत आणि भाडेपट्ट्याची उरलेली मुदत या दोन गोष्टी आधी मिळवा. पट्टा चार वर्षांत संपत असेल तर कुठलीही कंपनी त्या छपरावर पैसे घालणार नाही, आणि तिचं चुकतही नाही.

दुसरा गठ्ठा संस्थेचा : १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालचं प्रमाणपत्र, घटना, पॅन, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब आणि वार्षिक सभेनंतर निबंधकाकडे द्यायची कार्यकारिणीची यादी. ही यादी अनेकदा राहून जाते. मग बँकेत सह्या बदलायला गेल्यावर कळतं की कागदावर अध्यक्ष अजून मागच्या मागचे आहेत.

घटनेतलं उद्दिष्टांचं कलमही वाचून घ्या. लाभ फक्त सभासदांनाच असेल तर ती संस्था क्लबसारखी ठरते, आणि करसवलत व सीएसआर (कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा निधी) दोन्हींची वाट अवघड होते. सभासद असोत-नसोत, सर्व माजी सैनिक, वीरनारी आणि त्यांचे अवलंबित, असा उल्लेख उद्दिष्टांत असावा. नसेल तर सर्वसाधारण सभेत घटनादुरुस्ती करून घ्या.

स्ट्रक्चरल ऑडिट खरंच लागतं का? आमचे एक सभासद लष्कराच्या इंजिनिअर्समध्ये होते.

त्यांना समितीत जरूर घ्या. अहवाल मात्र बाहेरच्या, नोंदणीकृत स्ट्रक्चरल अभियंत्याचा हवा, कारण तो पंचायत, देणगीदार आणि कंपनी यांच्यासमोर ठेवायचा असतो. अहवालात निदान एवढं मागा : काँक्रीटची ताकद आणि एकसंधपणा बघणाऱ्या रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासोनिक चाचण्या, फिनॉल्फ्थॅलीन टाकून काँक्रीटचं कार्बोनेशन (अल्कधर्मीपणा जाणं) किती खोल गेलंय ते, सळईवरचं कव्हर (काँक्रीटच्या थराची जाडी), सळई गंजण्याची शक्यता दाखवणारी हाफ-सेल चाचणी आणि क्लोराइडचं (मिठातल्या क्षाराचं) प्रमाण. वास्को, दाबोळी, कळंगुट असा समुद्रालगतचा भाग असेल तर क्लोराइडची चाचणी कधीच गाळू नका. "इमारत ठीक आहे, किरकोळ दुरुस्ती करावी" असं एका पानावर लिहिलेला अहवाल पैसे देऊनही घेऊ नये.

स्लॅबखालचं प्लास्टर पडतंय. नवं प्लास्टर आणि रंग दिला तर चालेल?

दोन पावसाळे चालेल. पैसे वाया जाण्याची ही सगळ्यात नेहमीची तऱ्हा आहे, म्हणून थोडं सविस्तर.

काँक्रीट ताजं असताना अल्कधर्मी असतं आणि सळईला गंजू देत नाही. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने हा गुण हळूहळू जातो आणि खारा वारा क्लोराइड आत नेतो. गंजलेलं लोखंड मूळच्या कितीतरी पट जागा घेतं, त्यामुळे ते आतून ढकलतं आणि खालचा थर फुगून पडतो. पडलेलं प्लास्टर हे लक्षण आहे. वरून नवा थर मारला की गंज आत चालूच राहतो, आणि पुढच्या वेळी पडणारा तुकडा मोठा असतो.

बरोबर क्रम असा. आधी टेकू लावा. हातोडीने ठोकून पोकळ आवाजाचा भाग खुणा करून घ्या आणि तेवढं काँक्रीट फोडा, सळईच्या मागेही दोन-अडीच सेंटिमीटर जागा मोकळी होईपर्यंत. अर्धी सळई जुन्या आणि अर्धी नव्या मसाल्यात राहिली की ती परत गंजते. सळई चकचकीत होईपर्यंत घासा. काटछेद पाव भागाच्या वर खाल्ला गेला असेल तर शेजारी नवी सळई जोडा. मग झिंकयुक्त प्रायमर, बाँड कोट आणि पॉलिमर मॉर्टर, एका वेळी साधारण २० मिलिमीटरपेक्षा जाड नाही. त्याहून खोल खड्डा असेल तर मायक्रोकाँक्रीट. नंतर निदान सात दिवस पाणी मारून ओलं ठेवा.

एवढं करूनही कधीकधी ठिगळाच्या कडेला दोन-तीन वर्षांत नवी भेग दिसते. ठेकेदाराने फसवलंच असं लगेच समजू नका. शेजारच्या जुन्या काँक्रीटमध्ये क्लोराइड उरलेलं असतं, आणि दुरुस्त झालेली सळई शेजारच्या सळईचा गंज वाढवते. म्हणूनच क्लोराइडचं प्रमाण जास्त आलं तर ठिगळाच्या कडेने झिंकचे ॲनोड (सळईऐवजी स्वतः गंजणारे तुकडे) बसवायचे असतात. अंदाजपत्रकात ही ओळ नसेल तर अभियंत्याला का नाही ते विचारा.

ज्या सळया उघड्या पडल्या त्यांचे झाकण्याआधीचे फोटो घ्या, खोलीचं नाव आणि तारीख लिहून. कंपनी, देणगीदार, लेखापरीक्षक, सगळ्यांना तेच दाखवायचे असतात.

कौलारू भाग आणि चिऱ्याच्या भिंतींचं काय?

छपराच्या १०० चौरस फुटांना साधारण १५० मंगळुरी कौलं लागतात. म्हणजे २,००० चौरस फुटांना ३,०००, वर फूटतुटीचे १० टक्के. जुनी कौलं उतरवताना शाबूत आहेत ती वेगळी रचा, पुष्कळदा निम्मी परत वापरता येतात. खरा खर्च वासे आणि रिपांचा असतो. वाशाचं टोक भिंतीत जिथे बसतं तिथे वाळवी आणि ओल दोन्ही असतात. वरून वासा ठणठणीत दिसतो आणि टोकाला सुरी आरपार जाते.

चिऱ्याच्या भिंतीला सिमेंटचं घट्ट प्लास्टर आणि त्यावर प्लास्टिक पेंट ही जोडी टाळा. चिरा पाणी पितो आणि ते बाहेर टाकतो. बाहेर पडायची वाट बंद केली की आतल्या बाजूने मीठ फुलतं आणि रंग पापुद्र्याने निघतो. चुन्याचं प्लास्टर महाग पडतं, पण परत परत करावं लागत नाही.

मागच्या बाजूला जुने सिमेंटचे पत्रे असतील तर ते ॲस्बेस्टॉसचे असू शकतात. कोरडे फोडायचे, कापायचे नाहीत. पाणी मारून, अखंड उतरवायचे. श्रमदानाच्या यादीत हे काम टाकू नका.

एकूण आकडा कसा मांडायचा?

उदाहरणापुरतं, ठेकेदाराचं काम २८ लाखांचं धरू. त्यावर १८ टक्के जीएसटी ५.०४ लाख. संस्थेला त्याचं क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही, म्हणजे तो खर्चच. अभियंता आणि देखरेख ५ टक्के, १.४ लाख. आकस्मिक १५ टक्के, ४.२ लाख. चाचण्या, परवाने आणि बांधकाम कामगार उपकर मिळून साधारण १ लाख. बेरीज ३९.६४ लाख, म्हणून जाहीर आकडा ४० लाख.

नव्या बांधकामाला आकस्मिक ५ टक्के पुरतात. जुन्या इमारतीत प्लास्टर काढल्यावरच खरं दिसतं, म्हणून १५. सभेत कोणीतरी हा आकडा कमी करायला सांगतोच. ऐकू नका. २८ लाखांचं आवाहन करून ४० लाखांचं काम काढलं की अर्ध्या वाटेवर लोकांकडे परत जावं लागतं, आणि दुसऱ्या वेळी पहिल्याइतकं कोणी देत नाही. दरांची पडताळणी सार्वजनिक बांधकाम खात्याच्या गोवा दरसूचीशी करा.

४० लाख सामान्य सभासदांकडून कसे उभे राहणार?

"४०० सभासद, प्रत्येकी १०,०००" हा हिशेब कागदावरच राहतो. निधी वरून खाली रचायचा असतो. उदाहरणार्थ : २ लाख देणारे ५, ५०,००० देणारे २०, १०,००० देणारे ६० आणि २,००० देणारे २००. हे झाले ३० लाख. उरलेले १० कंपनी निधीतून. प्रत्येक मोठ्या देणगीसाठी तीन-चार नावं यादीत हवीत, कारण सगळे हो म्हणत नाहीत.

मोठ्या देणग्या आधी, घरी जाऊन, शांतपणे मागा. कार्यकारिणीने स्वतःच्या पावत्या त्याआधी फाडलेल्या असाव्यात. समोरचा पहिलं तेच विचारतो. एकतृतीयांश जमल्यावरच जाहीर आवाहन करा. शून्यावरून लावलेला फलक महिनाभर शून्याजवळच दिसला की उत्साह मावळतो. आणि पेन्शनवर जगणाऱ्या वीरनारीच्या दारात आकडा घेऊन जाऊ नये, तिला फक्त काम काय चाललंय ते कळवावं.

८०-जीची सवलत देणगीदाराला कशी मिळते?

८०-जी म्हणजे देणगीवर करसवलत देणारं आयकर कायद्याचं कलम. संस्थेकडे आयकर खात्याची धर्मादाय नोंदणी आणि ८०-जीची मान्यता हवी, म्हणजे देणगीदाराला रकमेच्या ५० टक्के वजावट, ठरलेल्या मर्यादेत. रोख २,००० रुपयांच्या वर असेल तर वजावट नाही. वस्तूरूपाने दिलं, म्हणजे ५० पोती सिमेंट किंवा पंखे, तरी नाही. नवी करप्रणाली निवडलेल्यालाही नाही. हे आधीच सांगा, नाहीतर जुलैमध्ये विवरणपत्र भरताना फोन येतात. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा आयकर कायदा लागू झाल्यामुळे कलमांचे क्रमांक बदलले आहेत, बोलताना मात्र सगळे ८०-जीच म्हणतात.

फक्त पावती पुरत नाही. देणगीदारांचं वार्षिक विवरण ३१ मेपर्यंत भरून त्यातून निघणारं प्रमाणपत्र प्रत्येकाला द्यावं लागतं. त्यासाठी नाव, पत्ता आणि पॅन पावती फाडतानाच घ्या. नंतर २०० लोकांचे पॅन गोळा करणं म्हणजे दुसरी मोहीमच. पावतीवर "इमारत निधीसाठी" लिहा आणि देणगीदाराची तशी सही घ्या, म्हणजे ती रक्कम विशिष्ट हेतूची राहते.

रोख रक्कम आणि दानपेटीचे नियम काय?

एकाच माणसाकडून २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. निनावी देणग्या एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख, यात जे जास्त असेल त्याच्या वर गेल्या तर वरच्या रकमेवर ३० टक्के कर. दानपेटी ठेवा, पण ती दोघांसमोर उघडा आणि मोजणीच्या कागदावर दोघांच्या सह्या घ्या.

इमारत निधीचं बँक खाते वेगळं हवं. क्यूआर कोडवर संस्थेचं पूर्ण नाव छापा आणि दर आठवड्याला स्वतः स्कॅन करून पाहा. आपल्या कोडावर दुसरा चिकटवणारे लोक आहेत, आणि सैनिकांच्या नावाने फसवणूक करणारे त्याहून जास्त.

लंडनला असलेला गाववाला ५ लाख देतो म्हणतो. घ्यायचे?

त्याचा पासपोर्ट कुठला ते आधी विचारा. गोव्यात या प्रश्नावर सगळ्यात जास्त संस्था अडकू शकतात. भारतीय पासपोर्ट असलेला माणूस परदेशात राहून स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल, तर ती विदेशी देणगी धरत नाहीत. पासपोर्टची प्रत फाइलला लावा.

पोर्तुगीज पासपोर्ट घेतला असेल तर त्याचं भारतीय नागरिकत्व गेलेलं असतं, मग ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाचं कार्ड) असो, जन्म साळगावचा असो किंवा आजोबा फौजेत असोत. त्याची देणगी विदेशी ठरते आणि २०१० च्या एफसीआरए (विदेशी देणग्यांच्या) कायद्याखाली नोंदणी नसताना ती घेता येत नाही. रुपयांत दिली, इथल्या बँकेच्या खात्यातून दिली, तरीही. भावाच्या खात्यावर घालून भावाकडून घेणं हा मार्ग सुचवणारे भेटतात. तसं करू नका, अडचणीत संस्था येते.

नोंदणीसाठी संस्था तीन वर्षं चालू असावी आणि त्या काळात उद्दिष्टांवर १५ लाख खर्च झालेले असावेत. ते नसेल तर एका ठरावीक देणगीदाराच्या ठरावीक रकमेसाठी पूर्वपरवानगी मागता येते. दोन्हीकडे पैसे आधी नवी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खास खात्यातच येतात. एका देणगीसाठी हा व्याप करायचा का, हे रक्कम बघून ठरवा.

सीएसआरमधून पैसे मिळू शकतात?

हो. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या अनुसूची ७ मध्ये माजी सैनिक, युद्धविधवा आणि त्यांचे अवलंबित यांच्या लाभाची कामं स्पष्ट नमूद आहेत. संस्थेला आयकर नोंदणी, ८०-जी, सीएसआर-१ चा क्रमांक (कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची नोंदणी) आणि तशा कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो.

"हॉल दुरुस्त करायचाय" असा प्रस्ताव नाकारला जातो, कारण त्यात लाभार्थी दिसत नाही. भवनात काय चालतं ते लिहा : नोव्हेंबरातली हयातीच्या दाखल्याची शिबिरं, स्पर्श या संरक्षण पेन्शनच्या पोर्टलवर पेन्शनची दुरुस्ती, ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्डाचे अर्ज, भरतीपूर्व मार्गदर्शन. वर्षाला किती लोक येतात त्याची हजेरीवही जोडा. वही नसेल तर आजपासून ठेवा, पुढच्या वर्षी उपयोगी पडेल. कंपन्यांचं वर्ष एप्रिलला सुरू होतं. प्रस्ताव मार्चमध्ये नेला तर उरलासुरला पैसा मिळाला तर मिळाला. पूर्ण ४० लाख मागण्यापेक्षा एक सुटा, मोजता येणारा भाग मागा, उदाहरणार्थ रॅम्प आणि स्वच्छतागृहं.

ध्वजदिन निधी, खासदार निधी?

७ डिसेंबरच्या ध्वजदिनाचं संकलन सरकारी आहे, सैनिक कल्याण खात्यामार्फत होतं. त्या नावाने स्वतःची पावती फाडू नका. खासदार निधीसाठी खासदाराची शिफारस जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते आणि काम सरकारी यंत्रणा करते, पैसे तुमच्या खात्यात येत नाहीत. त्यामुळे हा भाग मुख्य ठेक्यापासून वेगळा ठेवा, नाहीतर दोन ठेकेदार एकाच गच्चीवर भांडतात.

तियात्र, नाटक किंवा हाऊझीतून किती सुटतं?

तियात्राचा (गोव्यातल्या कोंकणी नाटकाचा) प्रयोग ठरावीक रकमेला विकत घ्यायचा आणि तिकिटं आपण खपवायची, ही जुनी आणि चालणारी पद्धत. नफा दारावरच्या तिकिटांत नसतो, आधी घरोघर खपवलेल्या तिकिटांत आणि स्मरणिकेच्या जाहिरातींत असतो. जाहिरातींनी प्रयोगाचा पूर्ण खर्च निघाला तरच तारीख पक्की करा. ५०० रुपयांपर्यंतच्या नाट्यतिकिटाला जीएसटी नाही. ध्वनिक्षेपक रात्री १० ला बंद. फेस्त (चर्चचा सण), जत्रा आणि चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) दिवसांत तारीख घेऊ नका.

हाऊझी (आकड्यांचा तंबोला) गोव्यात सगळीकडे चालते, म्हणून परवानगी लागत नाही असं समजू नये. मामलेदार आणि पोलिसांकडून लेखी घ्या. बक्षिसाची कुपनं विकून सोडत काढणं ही खासगी लॉटरीच, तिच्या वाटेला जाऊ नका.

आवाहनाच्या पत्रकावर काय नसावं?

अशोकस्तंभाची राजमुद्रा. २००५ च्या कायद्याने तिचा असा वापर करता येत नाही. पलटणीचं किंवा नौदलाचं चिन्हही परवानगीशिवाय नको. शहीद जवानाचा फोटो कुटुंबाच्या लेखी संमतीशिवाय नकोच.

काम कधी सुरू करायचं?

चवथीनंतर निविदा, ऑक्टोबर अखेरीस कामाला हात. छप्पर आणि गच्ची एप्रिलपर्यंत संपली पाहिजेत. मिरग जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, आणि मे महिन्यात मजूर गावी जातात. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगनंतर ४८ तास पाणी साठवून खालून तपासा. ५ सेंटिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला ५० किलो वजन, तेव्हा वॉटरप्रूफिंग आधी झालं तरी ही चाचणी खालच्या स्लॅबची दुरुस्ती झाल्यावरच करा, आधी नाही.

क्रम : छप्पर आणि गच्ची, मग स्लॅब व खांब, मग वीज आणि नळ, शेवटी फरशी व रंग. सभासदांना रंग आधी हवा असतो, कारण तो दिसतो. सगळे पैसे हातात नसतील तर पहिल्या दोन कामांचा वेगळा ठेका द्या. त्या टप्प्याची पूर्ण रक्कम बँकेत आल्याशिवाय सही करू नका. कबूल केलेली देणगी म्हणजे आलेली देणगी नव्हे.

दुरुस्तीचा परवाना पंचायत किंवा पालिकेकडून. भवन खाडी किंवा भरतीच्या नदीकाठी असेल तर किनारी विभाग प्राधिकरणाकडेही विचारा. पणजीतल्या फोंताईंयशसारख्या वारसा भागात बाहेरची खिडकी बदलायलाही वेगळी मंजुरी लागते.

ठेकेदाराला पैसे कसे द्यायचे?

आगाऊ १० टक्क्यांच्या वर नाही. पुढचं बिल मोजमापवहीत अभियंत्याची सही झाल्यावर. बिलातून टीडीएस कापा : ठेकेदार एकटा असेल तर १ टक्का, फर्म किंवा कंपनी असेल तर २. शेवटचे ५ ते १० टक्के एक पूर्ण पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवा. करारात ही ओळ नसेल तर जुलैमध्ये ठेकेदार फोन उचलत नाही. ठेकेदार सभासदाचा जावई असेल तरी तीन सीलबंद दर मागवा, तेव्हा तर जरूर.

म्हाताऱ्या सभासदांसाठी काय आवर्जून करावं?

रॅम्पचा उतार १:१२. जोतं ४५ सेंटिमीटर उंच असेल तर रॅम्प ५.४ मीटर लांब लागतो. जागा नाही म्हणून तो तीन मीटरवर बसवला की व्हीलचेअर ढकलणाराच घसरतो. जागा कमी असेल तर मध्ये सपाट टप्पा देऊन वळवा. दोन्ही बाजूंना कठडा, दार ९० सेंटिमीटर मोकळं, एक कमोड आधाराच्या दांड्यांसह आणि त्याचं दार बाहेर उघडणारं. आत पडलेला माणूस दाराला टेकला असेल तर आत उघडणारं दार उघडत नाही. वायरिंग बदलताना ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (शॉक बसताना वीज तोडणारा स्विच) बसवा.

देणगीदारांच्या नावांचा फलक कसा लावावा?

रक्कम न लिहिता, वर्णानुक्रमे. हुद्द्यानुसार लावला की सुभेदार आणि हवालदार यांच्या रांगेवरून सभा रंगते. शहिदांचा फलक वेगळ्या भिंतीवर, देणगीदारांच्या शेजारी नाही.

काम संपून पैसे उरले तर?

इमारतीसाठी घेतलेले पैसे इमारतीवरच. सर्वसाधारण सभेत ठराव करून ते देखभाल निधी म्हणून मुदत ठेवीत ठेवा. दर मे महिन्यात पन्हळी साफ करणं, फुटलेली कौलं बदलणं आणि गच्चीचे पाइप मोकळे करणं त्याच्या व्याजातून भागवायचं. कंपनीच्या हिश्श्यातून काही उरलं असेल तर तिच्या करारात काय लिहिलंय ते आधी बघा, बहुधा ते परत मागितलं जातं.